होडीवर दोन बॅटऱ्या : का जोडाव्यात आणि कशा जोडाव्यात

एरवी आम्ही लिहितो ते कापडाबद्दल. भिवंडीचा माल, इचलकरंजीचा माल, उधारी, हंगाम, भावातली चढउतार. यावेळी विषय वेगळा आहे. कोकणपट्टीतल्या आमच्या अनेक वाचकांकडे लहान मोटरहोडी आहे. कोणी स्वतः मासेमारी करतो, कोणी भागीत होडी ठेवतो. शिवाय मोटारीचे वायरिंग करणारे कारागीर आमच्या समाजात पुष्कळ आहेत, आणि होडीच्या वायरिंगचे काम शेवटी त्यांच्याकडेच येते. या दोघांच्याही उपयोगाची ही माहिती आहे. ती आम्हाला पुस्तकातून आधी मिळाली नाही. आधी नुकसान झाले, मग अक्कल आली, आणि त्यानंतर पुस्तके चाळली.

आमचे मूळ गाव बाणकोट खाडीवर, जिथे सावित्री नदी समुद्राला मिळते त्या बाजूला. दुकान महाडला. धाकटे भाऊ गावी असतात, आणि त्यांच्याबरोबर भागीत आमची बावीस फुटी फायबरची होडी आहे. मागे ४० अश्वशक्तीचे पेट्रोल मशीन. २०१६ च्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी आम्ही दोघे आणि पुतण्या खाडीच्या मुखाबाहेर नांगर टाकून गळाला बसलो होतो. मशीन बंद. दिवे, मासे दाखवणारे यंत्र आणि रेडिओ चालू. चार तासांनी निघायची वेळ झाली, भावाने चावी फिरवली, तर नुसती टक् टक्. सेल्फ फिरेना. "भाईजान, बॅटरी उतरली," एवढेच तो म्हणाला.

ओहोटी लागली होती आणि पाणी बाहेर ओढत होते. दोरी ओढून पाहिली, पण ४० अश्वशक्तीचे मशीन दमलेल्या हातांना जुमानत नाही. मोबाईलला रेंज नव्हती, आणि रेडिओ त्याच उतरलेल्या बॅटरीवर होता. दोन तासांनी एक मोठी मच्छीमार नौका परतताना दिसली, तिने आम्हाला ओढून आत आणले. ती आली नसती तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री घरी कोणी बोलून दाखवला नाही.

एकाच गल्ल्यातून दोन खर्च

चूक काय झाली ते व्यापाऱ्याला लगेच कळेल. भांडवल आणि घरखर्च एकाच गल्ल्यात ठेवला, तर घरखर्च भांडवल केव्हा खातो ते समजत नाही. सोमवारी माल उचलायला जावे, तर गल्ला रिकामा. होडीवरही तेच. मशीन चालू करायची वीज हे भांडवल. दिवे, पंप, रेडिओ हा घरखर्च. यासाठी दोन बॅटऱ्या हव्यात, आणि एकीचा पैसा दुसरीने आपोआप खाऊ नये अशी व्यवस्था हवी.

बॅटऱ्याही दोन जातीच्या असतात. सेल्फसाठीच्या बॅटरीत शिशाच्या पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. ती काही सेकंद शंभर अँपिअरच्या वरही करंट देते, पण वारंवार रिकामी केली तर लवकर मरते. दुसऱ्या जातीत पट्ट्या जाड असतात. ती एकदम मोठा करंट तितका देत नाही, पण थोडा थोडा करंट तासन् तास देते. इन्व्हर्टरची बॅटरी या दुसऱ्या जातीची असते, हे घरोघरी माहीत आहे. म्हणून पहिली बॅटरी सेल्फची, दुसरी खर्चाची. मात्र दुसरी अशी निवडावी की वेळ पडल्यास तिनेही मशीन चालू करता यावे.

दुसऱ्या बॅटरीचा आणखी एक फायदा आहे. सेल्फ फिरताना पहिल्या बॅटरीचा दाब क्षणभर १० व्होल्टपर्यंत किंवा त्याखाली येतो. त्याच बॅटरीवर मासे दाखवणारे यंत्र किंवा जीपीएस असेल, तर ते बंद होऊन पुन्हा सुरू होते. वेगळ्या बॅटरीवर असेल तर हा त्रास होत नाही.

आधी हिशेब, मग खरेदी

बॅटरी किती मोठी घ्यावी? दुकानदार सांगेल तेवढी नव्हे, आपला खर्च असेल त्या मानाने. प्रत्येक उपकरण किती अँपिअर खाते आणि किती तास चालते, यांचा गुणाकार करायचा, म्हणजे एएच निघतात. उपकरणावर वॉट लिहिले असतील तर त्याला १२ ने भागावे. २४ वॉटचा दिवा २ अँपिअर खातो. आमचा एका रात्रीचा हिशेब असा :

मासे दाखवणारे यंत्र, १ अँपिअर, ८ तास : ८ एएच.
चालीचे व नांगराचे एलईडी दिवे, १ अँपिअर, ८ तास : ८ एएच.
कामाचा मोठा दिवा, २ अँपिअर, ४ तास : ८ एएच.
रेडिओ, ऐकताना अर्धा अँपिअर, ८ तास : ४ एएच.
पाणी उपसण्याचा पंप, ४ अँपिअर, सगळा मिळून अर्धा तास : २ एएच.

एकूण ३० एएच. रेडिओवर बोलताना मात्र ५-६ अँपिअर लागतात, तेव्हा थोडे जास्त धरावे. शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे ३० एएच वापरायला निदान ६० एएच हवेत. बॅटरी जुनी होत जाते, म्हणून आम्ही ८० एएचची घेतली.

आता जमेची बाजू. लहान बाहेरच्या मशीनचा डायनामो मोटारीइतका ताकदवान नसतो. पुष्कळ मशीन भर वेगात १० अँपिअरच्या आसपास देतात, आणि हळू चालवले की त्याहून कितीतरी कमी. ३० एएच परत भरायला तीन-चार तास भर वेगाने चालवावे लागेल, आणि भरत आलेली बॅटरी करंट हळू घेते म्हणून प्रत्यक्षात आणखी वेळ जाईल. रोज अर्ध्या तासाची खेप असेल तर दुसरी बॅटरी मशीनवर कधीच पूर्ण भरणार नाही. तिला घरी नेऊन चार्जर लावावा, किंवा होडीवर सौर पत्रा बसवावा. ५० वॉटचा पत्रा चांगल्या उन्हात सुमारे ३ अँपिअर देतो, म्हणजे दिवसाकाठी १२ ते १५ एएच. पण पत्रा आणि बॅटरी यांच्यामध्ये कंट्रोलर हवाच.

आमची दुसरी चूक

ओढून आणले गेल्यावर आम्ही महिनाभरात दुसरी बॅटरी बसवली. मोटारीचे काम करणारा एक वायरमन बोलावला. प्लसच्या बाजूला जाड केबल आणि स्विच त्याने व्यवस्थित लावले. दोन्ही बॅटऱ्यांचे मायनस जोडायला केबल कमी पडली. "शेठ, अजून दीड मीटर जाड केबल आणायला लागेल," असे तो म्हणाला. आम्ही व्यापारी माणूस. म्हणालो, मायनसला काय, घरात पडलेली वायर आहे ती लाव. दोष त्याचा नाही, आमचा आहे.

पुढच्या हंगामात, २०१७ साली, पहिली बॅटरी उतरली म्हणून भावाने स्विच दुसऱ्या बॅटरीवर फिरवून सेल्फ मारला. सेल्फचा सगळा करंट परत येताना त्या बारीक मायनसच्या वायरीतून आला. वायरीचे प्लॅस्टिक वितळले आणि धूर निघाला. पेट्रोलची टाकी तिथून हातभर अंतरावर होती. भावाने प्रसंगावधान राखून चावी सोडली आणि पाना घेऊन मायनस काढला, म्हणून निभावले. दीड मीटर केबलचे पैसे वाचवायला आम्ही होडी आणि माणसे पणाला लावली होती.

करंट जितका प्लसमधून जातो तितकाच मायनसमधून परत येतो. दोन बॅटऱ्यांचे मायनस जोडणारी केबल सेल्फच्या केबलइतकीच जाड पाहिजे. या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

वायरीचा नंबर आणि सुताचा नंबर

कापडवाल्याला हे समजायला सोपे आहे. सुतात ४० नंबर २० नंबरपेक्षा बारीक असतो. तारेच्या गेजमध्येही तसेच, नंबर वाढला की तार बारीक. म्हणून गेजच्या भानगडीत न पडता चौरस मिलिमीटरमध्ये मागावे. तिथे आकडा मोठा तर वायर जाड, सरळ हिशेब.

१२ व्होल्टमध्ये वायरीची जाडी घरच्या वायरिंगपेक्षा फार महत्त्वाची आहे. एक व्होल्ट वाटेत गेला तर २३० व्होल्टमध्ये कळतही नाही, १२ मध्ये बारावा हिस्सा गेला. उदाहरण घ्या. ४ अँपिअरचा पंप बॅटरीपासून ५ मीटरवर आहे. जाण्यायेण्याचे मिळून १० मीटर झाले. दीड चौरस मिलिमीटर वायर घातली तर वाटेत जवळजवळ अर्धा व्होल्ट जातो, म्हणजे शंभरात चार. अडीचची घातली तर पाव व्होल्टच्या थोडा वर, शंभरात सव्वादोन. पंप, चालीचे दिवे, रेडिओ अशा जिवाच्या वस्तूंना शंभरात तीनपेक्षा जास्त तोटा होऊ देऊ नये, असा होडीच्या वायरिंगचा रिवाज आहे. म्हणून इथे अडीचची घ्यावी. सेल्फची केबल मशीनबरोबर कंपनी देते, तिच्यापेक्षा बारीक कधीही नको. आणि लांबी वाढवायची असेल तर जाडीही वाढवावी.

वायर नेहमी अनेक बारीक तारांच्या पिळाची घ्यावी. घरातली एकतारी वायर होडीच्या हादऱ्यांनी तुटते. शक्य तर कल्हई केलेली, म्हणजे प्रत्येक तारेवर कथिलाचा लेप असलेली घ्यावी. खाऱ्या हवेत साधे तांबे आतल्या आत हिरवे-काळे पडते. वरून वायर चांगली दिसते, आत करंट अडतो. टोकाला थिंबल दाबून बसवावी, आणि त्यावर गरम केल्यावर आकसणारी, आत गोंद असलेली नळी चढवावी. नुसते पीळ मारून टेप गुंडाळणे समुद्रावर चालत नाही.

जोडणी

यासाठी तीन स्विच लागतात, सर्व जाड करंट सोसणारे. शिवाय एक दाब पाहून जोडणारा रिले. तो बाजारात व्हीएसआर नावाने मिळतो. मशीन चालू होऊन पहिल्या बॅटरीचा दाब साधारण १३.३ व्होल्टच्या वर गेला की हा रिले दुसरी बॅटरी तिला जोडतो, आणि दोन्ही भरू लागतात. मशीन बंद होऊन दाब १२.८ च्या आसपास उतरला की तो आपणहून तोडतो. आधी भांडवल भरते, मग घरखर्चाला मिळते.

(१) पहिल्या बॅटरीच्या प्लसपासून जाड केबल पहिल्या स्विचला, आणि स्विचच्या पुढून मशीनच्या लाल केबलला. सेल्फच्या या जाड केबलवर सहसा फ्यूज नसतो, म्हणून ती आखूड आणि कुठेही न घासणारी ठेवावी.

(२) दुसऱ्या बॅटरीच्या प्लसपासून तितकीच जाड केबल दुसऱ्या स्विचला. स्विचच्या पुढे लगेच मोठा फ्यूज, आणि तिथून फ्यूजपेटीला. दिवे, यंत्र, रेडिओ यांना पेटीत प्रत्येकी वेगळा फ्यूज.

(३) तिसरा स्विच अडचणीच्या वेळेचा. त्याचे एक टोक दुसऱ्या स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला, दुसरे टोक पहिल्या स्विचच्या मशीनकडच्या बाजूला. केबल सेल्फइतकी जाड. हा नेहमी बंद. पहिली बॅटरी मेली तर पहिला स्विच बंद करायचा, तिसरा चालू करायचा, आणि एकट्या दुसऱ्या बॅटरीवर मशीन चालू करायचे.

(४) रिले दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसमध्ये. या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून दोन्ही टोकांना फ्यूज हवा. रिलेची काळी वायर मायनसला.

(५) दोन्ही मायनस एकमेकांना सेल्फइतक्या जाड केबलने. मशीनची काळी केबल पहिल्या बॅटरीच्या मायनसला.

(६) पाणी उपसण्याचा आपोआप चालणारा पंप दुसऱ्या बॅटरीवरून थेट, आपल्या स्वतंत्र फ्यूजसह, मुख्य स्विचच्या आधीच. कारण स्विच बंद करून आपण घरी जातो, आणि पावसाचे पाणी रात्री भरते.

फ्यूज उपकरण वाचवायला नसून वायर जळू नये म्हणून असतो. तेव्हा तो वायरीच्या ताकदीप्रमाणे घालावा, आणि बारीक वायर जिथून सुरू होते तिथून सात इंचांच्या आत बसवावा. फ्यूज बॅटरीपासून लांब ठेवला, तर मधल्या वायरीला कोणी वाली नाही.

काही होड्यांवर एकच गोल स्विच असतो : एक, दोन, दोन्ही, बंद. तो स्वस्त आहे आणि चालतोही, पण सगळी भिस्त माणसाच्या आठवणीवर. 'दोन्ही'वर विसरला की दोन्ही बॅटऱ्या बरोबरच उतरतात, मग दोन असून नसल्यासारख्या. आणि कोणताही स्विच असो, मशीन चालू असताना बॅटरी तोडू नये. डायनामोचा करंट जायला जागा उरत नाही आणि मशीनमधला रेग्युलेटर जळतो.

जागा आणि खबरदारी

भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो हलका असतो, म्हणून पेटीला वरून हवा हवी. पेट्रोलची वाफ जड असते, ती तळाला साचते. ठिणगीला दोन्ही पेट घेतात. तेव्हा बॅटरी आणि टाकी एका कप्प्यात ठेवू नयेत, आणि स्विच व रिले टाकीपासून दूर बसवावेत. बॅटरी पट्ट्याने अशी आवळावी की लाटेत इंचभरही हलू नये. प्लसवर रबरी टोपी असावी. खारे पाणी बॅटरीच्या तेजाबात गेले तर क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो, म्हणून पेटी तळापासून उंच ठेवावी. काम करताना मायनस आधी काढावा आणि सगळ्यात शेवटी लावावा. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवावे.

दोन्ही बॅटऱ्या शक्यतो एकाच बनावटीच्या, म्हणजे दोन्ही शिशाच्या असाव्यात. हल्ली लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या मिळतात. त्या चांगल्या आहेत, पण त्यांना शिशाच्या बॅटरीशी साध्या रिलेने जोडू नये. मध्ये डीसी ते डीसी चार्जर लागतो.

काम ताब्यात घेण्यापूर्वी

कापडाचा तागा उलगडून पाहिल्याशिवाय आम्ही पैसे देत नाही. वायरिंगचेही तसेच करावे. साधा मल्टिमीटर पुरतो. मशीन बंद करून दोन-तीन तास झाल्यावर दोन्ही बॅटऱ्या मोजाव्यात. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे धोका. मग मशीन चालू करावे. पहिली १३.८ ते १४.४ पर्यंत चढली पाहिजे, आणि थोड्या वेळाने रिलेचा आवाज होऊन दुसरीही चढली पाहिजे. मशीन बंद करून सगळे दिवे तासभर लावावेत. दुसरी उतरेल, पण पहिली उतरता कामा नये. शेवटी पहिला स्विच बंद, तिसरा चालू करून दुसरीवर सेल्फ मारावा, आणि लगेच मायनसच्या केबलला हात लावून पाहावा. ती गरम लागली तर काम पुन्हा करावे लागेल. ही शेवटची परीक्षा आम्ही २०१६ साली धक्क्यावर केली असती, तर २०१७ चा धूर पाण्यावर पाहावा लागला नसता.

पावसाळ्यात होडी वर ओढली की बॅटऱ्या काढून घरी आणाव्यात आणि महिन्यातून एकदा भराव्यात. पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू उतरते, आणि उतरलेल्या स्थितीत राहिली की खराब होते.

कारागीर बांधवांना एक विनंती. गिऱ्हाईक मायनसच्या केबलमध्ये घासाघीस करू लागले तर ऐकू नका, अगदी ते आमच्यासारखे शेठ असले तरी. काम सोडा, पण बारीक वायर लावू नका. आमचा तो वायरमन आता तसेच करतो. गेल्या हंगामात आमच्या शेजाऱ्याच्या होडीला त्यानेच दोन बॅटऱ्या बसवल्या, आणि पूर्ण जाड केबल येईपर्यंत चार दिवस कामाला हात लावला नाही. शेजारी आमच्याकडे तक्रार घेऊन आले होते. आम्ही त्यांना आमची जळलेली वायर दाखवली. ती आम्ही दुकानात गल्ल्याजवळ जपून ठेवली आहे.